अभिज्ञानाचा प्रश्न : 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेतील नव्या नायकाचे आगमन

प्रस्तावना

दीर्घकाळ चालणाऱ्या नाट्यकृतीवर नट बदलण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. रंगभूमीवर हा बदल नाटकाबाहेर घडतो. जाहिरातीत नवे नाव येते, जाणकार प्रेक्षक दोन नटांची तुलना करतात, पण संहितेला त्याची दखल घ्यावी लागत नाही; दुसऱ्या अंकात नायिका नायकाला त्याच्या बदललेल्या चेहऱ्याबद्दल काही विचारीत नाही. दूरचित्रवाणी मालिकाही बहुधा हाच मार्ग पत्करतात, किंवा फार तर अपघात आणि प्लास्टिक सर्जरी यांची सबब पुढे करून मोकळ्या होतात. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या, म्हणजे बीबीसीच्या, 'डॉक्टर हू' या मालिकेने मात्र १९६६ मध्ये निराळी वाट धरली. नट बदलला ही गोष्ट न लपविता तिने तीच कथेतील घटना केली. नायकाचा चेहरा, आवाज, वय आणि स्वभाव पडद्यावर बदलतात आणि तरीही तो तोच असतो, असा दावा ही मालिका तेव्हापासून करीत आली आहे.

हा दावा प्रेक्षक का मान्य करतात आणि क्वचित का नाकारतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या मालिकेविषयीची चर्चा सामान्यतः कोणता नट सरस, कोणता सुमार याभोवती फिरते. ती चर्चा रंजक असली तरी तिच्यातून संहितेचे कार्य उलगडत नाही. वस्तुतः प्रेक्षक नव्या नटाकडे थेट पाहत नाही. कथेतील एखादी व्यक्ती त्याच्याकडे कसे पाहते, हे तो पाहत असतो. त्या व्यक्तीला ओळख पटली तर प्रेक्षकालाही पटते.

संस्कृत नाट्यपरंपरेत या घटनेसाठी 'अभिज्ञान' असा नेमका शब्द आहे. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'त चेहरा तोच आहे, पण पाहणाऱ्याची स्मृती लोपली आहे. म्हणून अंगठीची खूण लागते. 'डॉक्टर हू'मध्ये परिस्थिती नेमकी उलट आहे. पाहणाऱ्याला सारे आठवते आहे, पण चेहरा हरवला आहे. खुणेची गरज दोन्हीकडे आहे.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. भारतीय वाचकाला या कल्पनेपुढे अवतार, पुनर्जन्म किंवा परकायाप्रवेश आठवणे स्वाभाविक आहे. तथापि यांपैकी एकही संज्ञा येथे लागू पडत नाही. पुनर्जन्मात स्मृती राहत नाही, परकायाप्रवेशात दुसऱ्याचा देह लागतो आणि अवताराला येण्याचे प्रयोजन आधीच ठाऊक असते. डॉक्टर या परग्रहवासी नायकाची स्मृती (थोड्या गोंधळानंतर) शाबूत राहते, देह त्याचाच असतो, आणि आपण आता कसे आहोत हे मात्र त्याला मुळीच ठाऊक नसते. मराठीत 'कायापालट' हा शब्द लाक्षणिक अर्थानेच रुळला आहे. तो वाच्यार्थाने वापरण्याची दुर्मीळ संधी ही मालिका देते. लेखात पुढे तोच शब्द योजला आहे.

अंगठी, आरसा आणि डालेक

मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रसारित झाला. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांची ही योजना होती. निर्मात्या होत्या व्हेरिटी लँबर्ट, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन, लखनौला जन्मलेले आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकार अतिया होसेन यांचे चिरंजीव. काळातून आणि अवकाशातून निळ्या पोलीस-पेटीतून प्रवास करणाऱ्या चिडखोर म्हाताऱ्या डॉक्टरची भूमिका विल्यम हार्टनेल यांच्याकडे आली. तीन वर्षांत त्यांची प्रकृती खालावत गेली. 'द टेन्थ प्लॅनेट' या चार भागांच्या कथेच्या तिसऱ्या भागात ते आजारपणामुळे दिसतच नाहीत. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी प्रसारित झालेल्या चौथ्या भागाच्या अखेरीस डॉक्टर जमिनीवर कोसळतो आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा उमटतो. हा भाग पुढे बीबीसीच्या संग्रहातून गहाळ झाला. कायापालटाचे ते काही क्षण दुसऱ्या एका कार्यक्रमात वापरले गेल्यामुळे तेवढे उरले.

येथपर्यंत एक तांत्रिक करामत झाली होती. खरी कसोटी पुढच्या आठवड्यात होती. ५ नोव्हेंबर १९६६ पासून सुरू झालेल्या 'द पॉवर ऑफ द डालेक्स' या सहा भागांच्या कथेचे श्रेय लेखक डेव्हिड व्हिटेकर यांच्याकडे जाते, आणि पुढे सहा दशके जी वाट मालिकेने तुडविली ती या कथेत आखली गेली. डॉक्टरचे दोन सहप्रवासी, बेन आणि पॉली, नव्या माणसाभोवती उभे आहेत. पॉली मानायला तयार आहे, बेन नाही. प्रेक्षकांच्या मनातील दोन प्रतिक्रिया दोन पात्रांत वाटून दिल्या आहेत. ट्राउटन यांचा नायक त्यांची शंका दूर करण्याची जराही घाई करीत नाही. तो स्वतःचा उल्लेख 'डॉक्टर' असा, जणू तिसऱ्याच कोणाविषयी बोलावे तसा करतो. सरळ प्रश्नाला बासरीसारखे वाद्य वाजवून उत्तर देतो. आरशात पाहतो तेव्हा त्याला क्षणभर जुनाच चेहरा दिसतो. आणि अंगठी? ती त्याच्या बोटाला सैल होते. कालिदासाची अंगठी ओळख पटविते. ही अंगठी ओळख मोडते. खूण म्हणून जी वस्तू हाताशी होती तीच निकामी ठरली आहे.

मग ओळख पटविणार कोण? या कथेचे उत्तर अनपेक्षित आहे. व्हल्कन नावाच्या वसाहतीत निपचित पडलेले डालेक, म्हणजे डॉक्टरचे सनातन शत्रू, पुन्हा कार्यान्वित होतात. त्यांतील एक डालेक या नव्या चेहऱ्यासमोर येतो आणि त्याला ओळखतो. मित्र साशंक असताना शत्रूला खात्री आहे. शत्रूने दिलेल्या साक्षीला जे वजन असते ते मित्राच्या साक्षीला नसते, कारण तिच्यात मनधरणी नसते. बेनची शंका विरते आणि तिच्याबरोबर प्रेक्षकाचीही. या कथेचेही सर्व सहा भाग गहाळ आहेत. २०१६ मध्ये उपलब्ध ध्वनिमुद्रणाच्या आधारे बीबीसीने त्यांची रेखाचित्रित आवृत्ती काढली. मालिकेच्या घडणीत इतकी निर्णायक ठरलेली कथा चलच्चित्ररूपाने शिल्लक नसावी, ही त्या काळच्या दूरचित्रवाणीच्या कारभाराविषयी पुरेशी बोलकी गोष्ट आहे.

'कायापालट' या अर्थाची इंग्रजी संज्ञा तोवर मालिकेत आलेली नव्हती. ट्राउटन यांचा डॉक्टर 'नवे होणे' एवढेच म्हणतो. आज रूढ असलेली संज्ञा प्रथम उच्चारली गेली ती १९७४ मधील 'प्लॅनेट ऑफ द स्पायडर्स' या कथेत. म्हणजे प्रथा आधी आली आणि शास्त्र मागून आले. याच्याशी दुसरी एक बाब ताडून पाहण्याजोगी आहे. हार्टनेल १९७५ मध्ये निवर्तले. १९८३ मधील 'द फाइव्ह डॉक्टर्स'मध्ये पहिला डॉक्टर हवा होता, तेव्हा रिचर्ड हर्नडॉल यांनी ती भूमिका केली; २०१७ मध्ये तीच डेव्हिड ब्रॅडली यांनी केली. तेथे कायापालट नव्हता, शंकाही नव्हती. तो रंगभूमीचा जुना संकेत होता, आणि प्रेक्षकांनी तो निमूटपणे मान्य केला. दोन्ही संकेत एकाच मालिकेत नांदू शकतात, यावरून नटबदल आणि कायापालट या वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट होते.

प्लास्टिकची माणसे

३ जानेवारी १९७० रोजी जॉन पर्टवी यांचे आगमन झाले, तेही रंगीत चित्रणासह. 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' ही रॉबर्ट होम्स यांची कथा. यात जुने सहप्रवासी नाहीत. डॉक्टरला शिक्षा म्हणून पृथ्वीवर हद्दपार केले आहे. ट्राउटन यांच्या डॉक्टरचा मित्र असलेला लष्करी अधिकारी ब्रिगेडिअर लेथब्रिज-स्ट्युअर्ट निळ्या पोलीस-पेटीची वार्ता ऐकून इस्पितळात धावत येतो. खाटेवरच्या माणसाकडे पाहून तो निराश होतो. खाटेवरचा माणूस मात्र त्याला नावाने ओळखतो. इस्पितळातील क्ष-किरण चित्रात दोन हृदये दिसतात, रक्त मानवी नसल्याचे आढळते. हा पुरावा वैद्यकीय आहे आणि ब्रिगेडिअरला त्याने फारसे पटत नाही. नव्या माणसाच्या ज्ञानाची उपयुक्तता त्याला पटते, आणि त्या व्यवहारी समेटावर कथा संपते. लष्करी मनोवृत्तीच्या पात्राला शोभेल असेच हे अभिज्ञान आहे.

या कथेतील शत्रू मात्र विशेष लक्षणीय आहेत. ऑटन म्हणजे दुकानांच्या काचेमागे उभ्या केलेल्या पुतळ्यांसारखी प्लास्टिकची माणसे. ते हुबेहूब माणसांच्या प्रतिकृती बनवतात. एका सेनाधिकाऱ्याच्या जागी त्याची प्रतिकृती येऊन बसते आणि कोणाला संशयही येत नाही. एकीकडे चेहरा नवा पण माणूस खरा, दुसरीकडे चेहरा तोच पण माणूस बनावट, अशी ही मांडणी आहे. चेहऱ्यावर भिस्त ठेवू नका, असे प्रेक्षकाला एकही वाक्य न उच्चारता बजावले जाते.

पस्तीस वर्षांनी, २६ मार्च २००५ रोजी, सोळा वर्षांच्या खंडानंतर मालिका नियमितपणे पुन्हा सुरू झाली तेव्हा लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी 'रोझ' या पहिल्या भागासाठी हेच ऑटन निवडले. याकडे स्मरणरंजन म्हणून पाहिले जाते, पण त्यात अधिक काही आहे. दुकानात नोकरी करणाऱ्या रोझ टायलर या तरुणीच्या मित्राची प्लास्टिकची प्रतिकृती तिच्यासमोर जेवायला बसते, तरी बराच वेळ तिच्या ते ध्यानात येत नाही. परिचित चेहरा तिला फसवितो. क्रिस्टोफर एक्लस्टन यांचा अनोळखी डॉक्टर तिला वाचवितो. डेव्हिस यांनी येथे कायापालट दाखविलाच नाही. रोझच्या घरी आरशासमोरून जाताना डॉक्टर आपल्या कानांविषयी काही तरी पुटपुटतो. जाणकाराला तेवढे पुरते, नवख्याला त्याने अडखळायला होत नाही.

हा संयम का आवश्यक होता हे १९९६ च्या दूरचित्रवाणी चित्रपटावरून कळते. अमेरिकेच्या सहकार्याने झालेल्या त्या चित्रपटाने आरंभीचा बराच वेळ सिल्व्हेस्टर मॅकॉय यांच्या जुन्या डॉक्टरच्या मृत्यूत घालविला आणि मग पॉल मॅगन यांना आणले. ज्या प्रेक्षकांनी जुना चेहरा कधी पाहिलाच नव्हता त्यांच्याकडून त्या चेहऱ्याचा शोक अपेक्षिला गेला. ओळखच नाही तेथे अभिज्ञान कसले?

साक्षीदारावर हल्ला

टॉम बेकर (डिसेंबर १९७४) आणि पीटर डेव्हिसन (जानेवारी १९८२) यांच्या आगमनांविषयी थोडक्यात सांगता येईल. बेकर यांच्या वेळी ब्रिगेडिअर दुसऱ्यांदा हा प्रकार पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आता केवळ सवयीचा वैताग होता. साक्षीदार इतका निर्ढावलेला असल्यावर 'रोबो' या कथेला शंकेत वेळ दवडण्याचे कारण उरले नाही. बेकर पुढे सात हंगाम टिकले, आणि म्हणूनच डेव्हिसन यांचे काम अवघड झाले. बीबीसीने नोव्हेंबर १९८१ मध्ये जुन्या कथा पुन्हा दाखवून प्रेक्षकांना आठवण दिली की चेहरे यापूर्वीही बदलले आहेत. 'कॅस्ट्रोव्हाल्व्हा'च्या आरंभी डेव्हिसन यांचा गोंधळलेला डॉक्टर यानातील वाट सापडावी म्हणून बेकर यांचा प्रसिद्ध लांबलचक गळपट्टा उसवत जातो. ज्या वस्त्राने सात वर्षे नायकाची ओळख दिली, त्याचा धागा धागा सुटताना प्रेक्षक पाहतो. याहून सूचक दृश्य या मालिकेत क्वचितच सापडेल.

१९८४ मध्ये मात्र हे सारे शहाणपण विसरले गेले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये 'द केव्हज ऑफ अँड्रोझानी' प्रसारित झाली. डॉक्टर आणि त्याची नवी सहप्रवासी पेरी दोघेही विषबाधेने मरणपंथाला लागले आहेत. उतारा एकाच जीवाला पुरेल इतकाच उरतो. डॉक्टर तो पेरीला देतो आणि स्वतः मरतो. पेरीच्या डोळ्यांदेखत कॉलिन बेकर उठून बसतात. १६ मार्चला हे घडले. सहा दिवसांनी 'द ट्विन डायलेमा' सुरू झाली आणि तिच्या पहिल्याच भागात नव्या डॉक्टरने त्याच पेरीचा गळा आवळला.

यामागे एक विचार होता, हे मान्य केले पाहिजे. नायक आरंभी अप्रिय, उद्धट, अस्थिर दिसावा आणि त्याचा चांगुलपणा हळूहळू उलगडावा, अशी निर्माते जॉन नेथन-टर्नर आणि स्वतः बेकर यांची कल्पना होती. नाट्यदृष्ट्या ती टाकाऊ नाही. ट्राउटनही आरंभी विश्वासार्ह वाटत नाहीत. पण ट्राउटन यांच्या वेळी शंका घेण्याचे स्वातंत्र्य साक्षीदारांना होते आणि त्या शंकेचे निरसन कथेने करून दाखविले. येथे ज्या एकमेव व्यक्तीच्या डोळ्यांतून प्रेक्षकाने नव्या नायकाला ओळखायचे तिच्यावरच नायक हात टाकतो. पेरी आरसा पुढे धरते; त्यात आपला चेहरा पाहून तो भानावर येतो. १९६६ मध्ये आरशाने जुना चेहरा दाखवून सातत्य सुचविले होते. या आरशातून सातत्य सुचत नाही, फक्त हल्ला थांबतो.

याहून गंभीर चूक कथेच्या अखेरीस आहे. पेरी त्याच्या वागण्याविषयी तक्रार करते तेव्हा, तुला आवडो वा न आवडो, मीच डॉक्टर आहे, अशा आशयाचे तो बोलतो आणि कथा संपते. ओळख पटविण्याची जबाबदारीच येथे झटकून टाकली आहे. पात्र सहप्रवाशाशी बोलत असले तरी संस्था प्रेक्षकाशी बोलत आहे. एखाद्या कार्यालयाने नागरिकाला ऐकवावे तसा तो स्वर आहे. त्यात हंगामच संपल्यामुळे पुढची कथा यायला ५ जानेवारी १९८५ उजाडला. नऊ महिने प्रेक्षकांजवळ हीच आठवण राहिली. १९८६ मध्ये बीबीसीने बेकर यांना भूमिकेतून दूर केले. आपल्या अखेरच्या दृश्यासाठी परत येण्यास त्यांनी नकार दिला, आणि १९८७ मध्ये मॅकॉय यांनाच केसांचा टोप घालून बेकर यांच्या जागी पडून राहावे लागले. मालिकेला वाहिलेल्या 'डॉक्टर हू मॅगझिन'ने २००९ मध्ये दोनशे कथांविषयी वाचकांचा कौल घेतला तेव्हा 'द केव्हज ऑफ अँड्रोझानी' पहिली आली आणि 'द ट्विन डायलेमा' दोनशेवी. लागोपाठ प्रसारित झालेल्या या दोन कथांमध्ये नायिका तीच आहे, निर्माते तेच आहेत. दोष नटाच्या माथी मारण्याची प्रथा मात्र अन्यायाची होती. १९९९ पासून निघू लागलेल्या श्राव्य नाटकांत याच बेकर यांचा डॉक्टर अनेकांना प्रिय झाला. तेथे संहितेने त्यांना ओळखले जाण्याची संधी दिली.

भाषा, सफरचंद आणि दूरध्वनी

२००५ च्या नाताळात डेव्हिड टेनंट आले तेव्हा डेव्हिस यांनी जोखमीचा मार्ग निवडला. 'द ख्रिसमस इन्व्हेजन' या तासाभराच्या भागात नवा डॉक्टर बहुतांश वेळ अंथरुणावर बेशुद्ध आहे. पृथ्वीवर सिकोरॅक्स चाल करून आले आहेत आणि रोझला त्यांची भाषा कळत नाही. डॉक्टरचे यान सोबत्यांना सर्व भाषांचे भाषांतर करून देते. पण त्या व्यवस्थेत डॉक्टरही एक दुवा असल्याने ती बंद पडली आहे. रोझ पूर्वीच्या डॉक्टरची नक्कल करून शत्रूला धमकावू पाहते आणि हसे करून घेते. मग बोलता बोलता सिकोरॅक्स नायकाचे शब्द अचानक इंग्रजी होतात. रोझच्या ध्यानात येते, आणि ती वळून यानाच्या दाराकडे पाहते. भाषा कळू लागली म्हणजे तो जागा झाला आहे! दार उघडण्यापूर्वी, चेहरा दिसण्यापूर्वी ओळख पटलेली असते. साठ वर्षांतील सर्व आगमनांमध्ये हे अभिज्ञान सर्वांत सुघड आहे असे म्हणण्यास हरकत नाही, कारण खूण कथानकाच्या गरजेतून येते आणि प्रेक्षकाला ती पात्राबरोबरच उमगते.

स्टीव्हन मोफट यांच्या 'दि इलेव्हन्थ अवर'मध्ये (३ एप्रिल २०१०) खूण पुन्हा वस्तुरूपात अवतरते. मॅट स्मिथ निवड झाली तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे, आजवरच्या सर्वांहून तरुण. त्यात लेखक, निर्माते, सहप्रवासी सारेच नवे. मोफट यांनी साक्षीदार म्हणून एक लहान मुलगी निवडली. अमेलिया पाँड हिने जुना चेहरा पाहिलेलाच नाही, त्यामुळे तुलनेचा प्रश्न येत नाही. ती त्याला खायला घालते, आणि सफरचंदापासून सुरू झालेली ती खाण्याची नकारघंटा माशाचे तुकडे व कस्टर्ड या अचाट जोडीवर येऊन थांबते. पाच मिनिटांत येतो सांगून डॉक्टर जातो आणि बारा वर्षांनी परततो. आता मुलगी मोठी झाली आहे, मानसोपचारतज्ज्ञांनी तिला तो भासच होता असे पटविले आहे. तो खिशातून तिनेच दिलेले, चेहरा कोरलेले सफरचंद काढून दाखवितो. ते अजून ताजे आहे. दुष्यंताच्या अंगठीने गेलेला काळ आठवून दिला होता. हे सफरचंद काळ गेलाच नाही असे दाखविते. भागाच्या अखेरीस पूर्वीच्या दहा चेहऱ्यांच्या प्रतिमांमधून स्मिथ पुढे येतात ते दृश्य अधिक गाजले, पण तोवर काम झालेले असते.

२३ ऑगस्ट २०१४ च्या 'डीप ब्रेथ'मध्ये याच मोफट यांचा हात थोडा डळमळला. पंचावन्नाव्या वर्षी निवड झालेले पीटर कपाल्डी हे तरुण नायकानंतर आलेले प्रौढ नायक. येथे क्लारा या सहप्रवाशाला नवा चेहरा स्वीकारणे जड जाते आणि कथा तिला त्याबद्दल जाबही विचारते. एकेक भाग बदलत आलेला यंत्रमानव समोर आहे. झाडूचा दांडा बदलला, मग केरसुणीचा भाग बदलला, तर झाडू तोच राहिला का, असा प्रश्न डॉक्टर त्याला विचारतो आणि तो उलटून त्याच्यावरच येतो. हे सारे विचारप्रवर्तक आहे. पण शेवटी क्लाराला दूरध्वनी येतो, तो स्मिथ यांच्या डॉक्टरचा, मृत्यूपूर्वी केलेला : नव्या माणसाला सांभाळून घे. मी तुझ्यासमोर उभा आहे आणि तू मला पाहत नाहीस, अशी कपाल्डी यांची विनवणी हृदयस्पर्शी असूनही निर्णय झाला तो जुन्या नायकाच्या शिफारशीवर. इतक्या समर्थ नटाला शिफारसपत्राची गरज नव्हती. शंका उपस्थित करण्याचे धैर्य दाखविल्यानंतर तिचे उत्तर नव्या नायकाकडूनच यायला हवे होते.

जोडी व्हिटेकर आणि न विचारलेला प्रश्न

१६ जुलै २०१७ रोजी, विम्बल्डनच्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यानंतर, पुढची डॉक्टर जोडी व्हिटेकर असल्याचे जाहीर झाले. प्रथमच ही भूमिका नियमितपणे स्त्रीकडे आली, आणि कथेबाहेर मोठा वाद झाला. ७ ऑक्टोबर २०१८ च्या 'द वुमन हू फेल टु अर्थ'मध्ये ख्रिस चिब्नॉल यांनी त्या वादाचा मागमूसही ठेवला नाही. डॉक्टर शेफील्डमध्ये एका आगगाडीच्या छतातून खाली कोसळते. तिला भेटणारी माणसे तिला प्रथमच पाहत आहेत. अर्ध्या तासापूर्वी आपण पांढऱ्या केसांचा स्कॉटिश पुरुष होतो, असे ती हसत सांगते आणि विषय संपतो. यान नाही, जुने सोबती नाहीत. शेफील्डच्या पोलादी चमच्यांपासून ती आपले हत्यार नव्याने घडविते. हा प्रसंग सुंदर आहे. गावाच्या कारागिरीशी तिची नाळ जुळते आणि तिच्या कर्तृत्वाची खूण पटते. अंतिम आकडेवारीनुसार या भागाला सुमारे १ कोटी १० लाख प्रेक्षक लाभले.

तरीही एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. १९६६ पासून मालिकेने शंकेखोराला कथेत मानाची जागा दिली होती. समाजात सर्वाधिक शंका असताना कथेतून मात्र शंकेखोर नाहीसा झाला. नव्या नायिकेला जाब द्यावा लागू नये ही सद्भावना त्यामागे दिसते. परंतु जिला प्रश्नच विचारला गेला नाही तिला उत्तराने जिंकण्याची संधीही मिळत नाही. बेनसारखा एखादा जुना, हट्टी, पण मनाने प्रामाणिक सोबती या भागात असता आणि त्याला ओळख पटली असती, तर घराघरांतील अनेक बेनांचे काम सोपे झाले असते. हा प्रश्न कथेत आला तो त्या हंगामाच्या आठव्या भागात, 'द विचफाइंडर्स'मध्ये, सतराव्या शतकातील चेटकीण ठरविल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या निमित्ताने. त्याआधीच्या 'डीमन्स ऑफ द पंजाब' या विनय पटेल यांच्या भागात १९४७ च्या फाळणीसमोर डॉक्टरला केवळ साक्षी राहावे लागते, आणि तेथे व्हिटेकर यांचा अभिनय पहिल्या भागापेक्षा अधिक खोल वाटतो, हेही नमूद करण्याजोगे आहे.

साक्षीदाराचाच चेहरा

डिसेंबर २०२३ मध्ये न्चुटी गाट्वा यांच्या आगमनावेळी डेव्हिस यांनी पुन्हा नियम मोडला. 'द गिगल'मध्ये कायापालट होतो, पण जुना डॉक्टर (पुन्हा टेनंटच) नाहीसा होत नाही. एकाचे दोन होतात. जुना चेहरा स्वतःच नव्याचा साक्षीदार होतो, त्याला मिठी मारतो आणि निवृत्त होऊन बागेत जेवायला बसतो. गाट्वा यांचा उत्साह संसर्गजन्य असला तरी या योजनेतून आगमनाची किंमतच काढून घेतली गेली. जे गेलेच नाही त्याच्या जागी कोणी आले, असे प्रेक्षकाने कसे मानावे?

गाट्वा यांची कारकीर्द ३१ मे २०२५ च्या 'द रिॲलिटी वॉर'मध्ये संपली. एका मुलीचे अस्तित्व परत मिळावे म्हणून डॉक्टर आपले आयुष्य खर्ची घालतो. यानात तो एकटा आहे. कायापालट होतो तेव्हा शेजारी बेन नाही, पॉली नाही, ब्रिगेडिअर नाही. उजेड ओसरतो आणि दिसतो तो बिली पायपर यांचा चेहरा. २००५ मध्ये दुकानात काम करणाऱ्या ज्या रोझने नव्या प्रेक्षकांना डॉक्टर ओळखायला शिकविले, आणि त्याच वर्षीच्या नाताळात भाषा कळू लागताच ज्या रोझने दाराकडे वळून पाहिले, तिचाच हा चेहरा. त्या वर्षी जून महिन्यात टेनंट यांच्या नावाची पाटी झळकली होती तेव्हा तीत नटाच्या नावापुढे भूमिकेचे नावही होते. स्मिथ, कपाल्डी, व्हिटेकर यांच्या बाबतीतही ते होते. पायपर यांच्या पाटीवर मात्र केवळ त्यांचे नाव आले. त्या कोण म्हणून आल्या, हे लिहिलेले नव्हते. डिस्नेबरोबरचा निर्मितीचा करार संपल्याचे आणि डेव्हिस २०२६ च्या नाताळासाठी एक विशेष भाग लिहिणार असल्याचे बीबीसीने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्या भागाच्या लेखकापुढे १९६६ मधील बेनचाच प्रश्न उभा आहे, फक्त उलट दिशेने : चेहरा पूर्ण ओळखीचा आहे, आणि तो कोणाचा आहे हे सांगू शकणारे यानात कोणीही नाही.